चेतक विजेवर नेताना: इंजिन उतरवण्याआधी आर्म मोजा

जुन्या बजाज चेतकचं इंजिन उतरवलं की स्कूटरचा मागचा पायच जातो. मोटरसायकलचं तसं नसतं. तिथे इंजिन काढलं तरी चाक आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या झुलत्या दांड्यावर, उभं राहतं. चेतकमध्ये मागचं चाक इंजिनातून निघालेल्या शाफ्टवर बसतं, ब्रेकचे लायनर इंजिनाच्या केसिंगवर असतात आणि शॉकॲब्सॉर्बरचं खालचं टोक त्याच केसिंगच्या शेपटीला बोल्टने धरलेलं असतं. एका लांब आडव्या बोल्टवर (पिव्हट बोल्ट) हे सगळं वर-खाली झुलतं. म्हणजे इंजिन हाच आर्म. व्हेस्पाची ही मांडणी बजाजने १९७२ पासून चेतकमध्ये वापरली आणि कानपूरच्या एलएमएलच्या व्हेस्पातही तीच होती, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं त्या गाड्यांनाही लागू पडतं.

हे आधी सांगायचं कारण असं की लोक मोटर, कंट्रोलर (मोटरला मोजून वीज देणारा डबा) आणि बॅटरीच्या खरेदीपासून सुरुवात करतात आणि काम अडतं ते इंजिनाच्या जागी नवा आर्म बनवण्यापाशी. तोवर इंजिन भंगारात गेलेलं असतं आणि मापं घ्यायला काही उरलेलं नसतं.

म्हणून इंजिन जागेवर असतानाच चार मापं घ्यावीत. पहिलं, पिव्हट बोल्टच्या मध्यापासून मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर. दुसरं, बोल्ट बॉडीत जिथे शिरतो त्या डाव्या आणि उजव्या कडांपासून चाकाच्या मध्यरेषेपर्यंतचं आडवं अंतर. दोन्ही बाजूंची मापं वेगळी येतात आणि ती वेगळीच लिहून ठेवायची. तिसरं, शॉकच्या खालच्या बोल्टचं ॲक्सलपासूनचं अंतर, मागे किती, वर किती आणि बाजूला किती. चौथं माप बहुतेक जण विसरतात. शॉकची स्प्रिंग काढून चाक हाताने वर ढकला, शॉक पूर्ण दबला की टायर बॉडीच्या आतल्या पत्र्यापासून किती लांब राहतो ते पाहा. हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी मोटर) मूळ ड्रमपेक्षा रुंद असते, आणि ती घासते ती इथेच, तेही दोघं बसून खड्ड्यात आदळल्यावरच. ही मापं १२ मिमी प्लायवूडवर उतरवून, भोकं पाडून त्याचा साचा करावा आणि वेल्डरकडे कागद न देता तो साचाच द्यावा.

आर्मसाठी ३८ मिमी बाहेरच्या व्यासाचा, ३ मिमी जाडीचा सीमलेस पाइप पुरतो. ॲक्सल धरणाऱ्या प्लेटा १० मिमीच्या हव्यात. पिव्हटच्या नळीत मूळ मापाचे नवे सायलेंट ब्लॉक (रबरी बुश) दाबून बसवावेत, पण वेल्डिंग पूर्ण थंड झाल्यावरच, नाहीतर रबर भाजतं आणि पंधरा दिवसांत मागचं चाक डुलायला लागतं. सगळं कच्चं टाचून झालं की आर्म गाडीत लावून पुढच्या-मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दोरी ताणावी. चाकं एका रेषेत, फार तर दोन मिमीच्या फरकाने आली की मगच पक्कं वेल्डिंग.

हब मोटर की आर्मवर बसवलेली मोटर आणि चेन? चेतकसाठी आमचं मत हब मोटरच्या बाजूने आहे. बॉडी पत्र्याची आहे, आत जागा कमी आहे आणि चेन आली की ताण, रेषा, ग्रीस, चिखल हे सगळं मागोमाग येतं. हब मोटरचा दोष म्हणजे चाकातच १४-१५ किलो वजन जातं आणि मागची बाजू खडबडीत रस्त्यावर जड उसळते. शॉकची स्प्रिंग थोडी कडक घेतली तर हे सुसह्य होतं.

मोटर किती मोठी, हे जाहिरात पाहून ठरवू नये, घाट पाहून ठरवावं. गाडी ११० किलो आणि दोन माणसं १४० किलो, मिळून २५० किलो. ८ टक्के चढावर, टायरचा रोध धरून, चाकापाशी सुमारे २३५ न्यूटन जोर लागतो. ताशी ३० किमी वेगाला ही साधारण २ किलोवॅट शक्ती झाली, आणि मोटर-कंट्रोलरचं नुकसान धरलं तर बॅटरीतून अडीच किलोवॅट. ३.५०-१० टायरची त्रिज्या सुमारे २१५ मिमी, म्हणजे मोटरला जवळजवळ ५० न्यूटन-मीटर टॉर्क सलग द्यावा लागतो. हब मोटरला गिअर नसतात. कमी वेगाच्या चढात तिच्यातून करंट खूप जातो, थंड करणारी हवा मात्र कमी मिळते. १५०० वॅटची मोटर शहरात छान पळते आणि घाटात अर्ध्यावर तापून बसते, ते याचमुळे. ३००० वॅटची घ्यावी, आणि आत तापमानाचा सेन्सर असलेलीच घ्यावी.

वेगाचाही हिशेब करा. चाकाचा घेर सुमारे १.३५ मीटर. ताशी ६० किमीला मिनिटाला साधारण ७४० फेरे होतात. भाराखाली तेवढे मिळायला हवे असतील तर बिनभाराचे ९०० च्या आसपास लागतात. विक्रेत्याला 'टॉप स्पीड किती' असं विचारण्यापेक्षा 'माझ्या व्होल्टेजला बिनभाराचे आरपीएम किती' असं विचारा. ताशी ९० किमीची मोटर घेतलीत तर तेवढ्याच करंटमध्ये टॉर्क कमी मिळेल, आणि दहा इंची चाकांच्या, ड्रम ब्रेकच्या या गाडीला तो वेग झेपणारही नाही.

मागचा ब्रेक ड्रमचाच ठेवा. ११० किंवा १३० मिमी ड्रम असलेल्या हब मोटरी मिळतात आणि मूळ पायाच्या पेडलची केबल त्यांना जोडता येते. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. मूळ गाडीत ब्रेकचा जोर इंजिनाचं केसिंग घेत होतं. आता ड्रमच्या प्लेटला आर्मशी बांधणारी स्वतंत्र पट्टी लागते. ती नसेल तर पहिल्याच जोरदार ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरते आणि केबल तोडते. ॲक्सललाही दोन्ही बाजूंनी टॉर्क आर्म (ॲक्सल फिरू न देणाऱ्या पट्ट्या) हवेत. रिजनरेशनमध्ये, म्हणजे वेग कमी करताना मोटर बॅटरीत वीज परत भरते तेव्हा, ॲक्सलवरचा जोर उलटा होतो, आणि ही पुढे-मागे ओढ नट हळूहळू सैल करते. नट फिरला की ॲक्सल फिरतो, ॲक्सल फिरला की आतल्या वायरी पिळून तुटतात.

बॅटरीसाठी लिथियम फेरो फॉस्फेट घ्यावी. तेवढ्याच क्षमतेला ती जड आणि मोठी असते, पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत बंद राहायचं असेल तर तीच बरी. २० सेल एकामागे एक जोडले की ६४ व्होल्ट होतात, पूर्ण चार्जला ७३. ५० अँपिअर-तासांचे सेल घेतले तर ३.२ युनिट वीज मावते. एकट्याने ताशी ४५ किमीने सपाट रस्त्यावर किलोमीटरला ३० वॅट-तास लागतात, सिग्नलच्या शहरात ३५ धरा. ८० टक्के बॅटरी वापरायची ठरवली तर ७० किमीच्या आसपास पल्ला मिळतो. दोघं आणि घाट असेल तर ५० सुद्धा म्हणू नका.

२० प्रिझमॅटिक (चौकोनी) सेलची एकच पेटी पेट्रोलच्या टाकीच्या खणात बसवण्यासाठी लोक बॉडी कापतात. ते करू नये. चेतकला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. पेटी दोन भागांत करावी, टाकीच्या जागी १२ सेल आणि डाव्या साइड पॅनेलमागे ८, आणि त्याआधी पुठ्ठ्याचे खोके करून ते बसतात का ते पाहावं. दोन्ही पेट्यांना जोडणाऱ्या केबलमधून पूर्ण करंट वाहतो, म्हणून ती रबरी ग्रोमेटमधूनच न्यायची. पत्र्याच्या धारेवर घासलेली एक केबल पुरेशी असते आग लागायला. सेलची ॲल्युमिनियमची कवचं एकमेकांना टेकू देऊ नका, मध्ये फायबरग्लासचे पातळ तक्ते घाला आणि दोन टोकांना प्लेटा लावून गठ्ठा आवळून धरा. जोडणीआधी सगळे सेल एकेक करून ३.६५ व्होल्टपर्यंत भरून घ्यावेत. हे केलं नाही तर एक सेल आधी भरतो, बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) चार्जिंग तोडतो आणि बॅटरी नवी असून पल्ला अर्धा मिळतो.

बीएमएस ८० अँपिअरचा, कंट्रोलरची बॅटरी-मर्यादा ६० अँपिअर, मुख्य केबल १६ चौरस मिमी तांब्याची, आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच ८० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज निदान १०० व्होल्ट डीसीचा हवा. कारचा ३२ व्होल्टचा फ्यूज उडाला तरी आत ठिणगी चालूच राहते. केबलच्या टोकांचे लग हायड्रॉलिक पकडीने दाबून घ्यावेत. हातोडीने ठोकलेला लग दिसायला पक्का दिसतो आणि घाटात वितळतो.

कंट्रोलर उजव्या साइड पॅनेलमागे, जिथे इंजिनाला हवा लागायची तिथे. त्याच्या सेटिंगमध्ये एक चूक फार होते. '७२ व्होल्ट'च्या कंट्रोलरचा कमी-व्होल्टेजचा कट बहुधा दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीसाठी, ६० च्या वर-खाली ठेवलेला असतो. आपली ६४ व्होल्टची बॅटरी चढावर दबली की तो कट लागतो आणि गाडी भर चढात मरते, नंतर सपाटीवर पुन्हा चालू होते. तो ५६ वर आणावा. रिजनरेशन १५ अँपिअरच्या आत ठेवावं आणि ७१ व्होल्टला बंद होईल असं करावं. पाचगणीला रात्रभर चार्ज करून सकाळी पसरणी घाट उतरायला लागलात तर भरलेल्या बॅटरीत वीज जाणार कुठे? बीएमएस तोडतो, व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोलर जळू शकतो.

जुन्या वायरिंगला हात लावण्याआधी चेतकची चावी समजून घेणं गरजेचं आहे. मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) गाडीत चावी वीज सुरू करत नाही. ती बंद स्थितीत मॅग्नेटोला अर्थ करते. तीच वायर तशीच नव्या सर्किटला जोडली तर उलटं काम होतं किंवा शॉर्ट होतो. चावीचा स्विच मोकळा करून त्यातून फक्त कंट्रोलरची चालू-बंदची बारीक वायर न्या, मुख्य करंट कॉन्टॅक्टरमधून (मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच). कॉन्टॅक्टरला समांतर, कंट्रोलर आधी हळूहळू भरून घेणारा प्री-चार्ज रेझिस्टर लावा, नाहीतर प्रत्येक वेळी त्याचे पॉइंट जळतील. दिव्यांसाठी ७२ ते १२ व्होल्टचा, निदान १२० वॅटचा कन्व्हर्टर, त्याला वेगळा छोटा फ्यूज. बल्ब १२ व्होल्टचे असतील तर चालतील, पण मॅग्नेटोच्या एसीवर वाजणारा जुना हॉर्न डीसीवर वाजत नाही, तो बदलावा लागतो. स्पीडोमीटर पुढच्या चाकाच्या केबलवर चालतो, त्याला हात लावायची गरज नाही.

ॲक्सिलरेटरची मूठही मूळचीच राहू शकते. तिची केबल कार्बोरेटरऐवजी केबलने ओढल्या जाणाऱ्या, ती ओढ व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या हॉल थ्रॉटलच्या डबीला जोडायची. डबीचं व्होल्टेज मूठ सोडल्यावर ०.८ च्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर ४ च्या वर आलं पाहिजे. केबल अडकून मूठ परत फिरली नाही तर? म्हणून पायाच्या पेडलचा ब्रेक-लाइट स्विच कंट्रोलरच्या ब्रेक-कटला (ब्रेक दाबताच मोटरची वीज तोडणारी सोय) जोडणं सक्तीचं समजा. चार्जिंगचं सॉकेट चोकच्या भोकापाशी नेता येतं. एकही नवं भोक पडत नाही.

पहिली चाचणी डबल स्टँडवर, चाक हवेत, करंट १० अँपिअरवर बांधून. मोटर घुरघुरली, थरथरली, गरम झाली तर फेज (मोटरच्या जाड वायरी) आणि हॉलच्या (मोटरची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरच्या) वायरींचा क्रम चुकलाय. जोर लावत राहू नका, कंट्रोलरची आपोआप ओळखण्याची सोय वापरा. सुरू होताना झटके आणि पुढे सुरळीत, असं पावसाळ्यात व्हायला लागलं तर हॉलच्या कनेक्टरमध्ये पाणी आहे. ॲक्सलमधून बाहेर येणारी केबल आधी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे पाणी झोलातून गळून जातं. ५० किमीनंतर ॲक्सल, टॉर्क आर्म, शॉक आणि पिव्हटचे सगळे नट पुन्हा आवळायचे.

कायद्याबद्दल स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल आरटीओच्या नोंदीशिवाय करता येत नाही. रस्त्यावर चालवायची असेल तर एआयएस-१२३ या वाहन-मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे मान्यता मिळालेला, तुमच्या मॉडेलसाठीचा किट लागतो, तो अधिकृत ठिकाणीच बसवावा लागतो आणि मग आरसीवर इंधन बदलून घ्यायचं. पुण्याची एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था अशा चाचण्या करते. विमा कंपनीलाही लेखी कळवावं लागतं. सुट्या भागांतून घरी जोडलेली गाडी आवारात, शेतावर, खासगी जागेत चालवा. रस्त्यावर अपघात झाला तर जखमी माणसाची भरपाई अडकू शकते.

उतरवलेलं इंजिन मात्र विकू नका. पत्रा शाबूत आहे, भोकं नवी नाहीत, आर्म बोल्टवर आहे, म्हणजे ही गाडी एका दिवसात परत पेट्रोलवर येऊ शकते. प्लगच्या भोकातून दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल सोडा, किक चार-पाचदा मारा, प्लग परत लावा, कार्बोरेटर आणि सायलेंसरची तोंडं तेलकट फडक्याने बंद करा आणि इंजिन लाकडी फळीवर कोरड्या कोपऱ्यात ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा किक मारून ते फिरवलं की रिंगा चिकटत नाहीत.