भर समुद्रात झालेली आमच्या बोटीची तपासणी

पहाटे साडेपाचला माझी पाळी सुरू झाली तेव्हा मागे एका जहाजाचे दिवे दिसत होते. वारा पडला होता, म्हणून शीड तसंच ठेवून इंजिन लावलं होतं. उजाडल्यावर कळलं की ते गस्ती जहाज आहे. थोड्याच वेळात व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर आमच्या बोटीचं नाव ऐकू आलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

त्यांनी दुसऱ्या चॅनलवर यायला सांगितलं. कुठून निघालात, कुठे चाललात, माणसं किती, शस्त्रं आहेत का? विचारलं तेवढंच सरळ सांगितलं. किनारा १० सागरी मैलांवर होता, म्हणजे त्या देशाच्या १२ मैलांच्या हद्दीत आम्ही होतो. तिथे तपासणीला नाही म्हणायचा प्रश्नच नसतो.

मला वाटलं, बोट थांबवावी लागेल. पण सूचना आली, "दिशा आणि वेग आहे तसाच ठेवा." ते बरोबरच होतं. थांबलेली बोट लाटांवर लोळते आणि चढणाऱ्याचा पाय दोन बोटींच्या मध्ये सापडू शकतो. चालती बोट त्या मानाने स्थिर राहते. दोन बोटी घासू नयेत म्हणून मध्ये टांगायच्या फुगीर गाद्या, म्हणजे फेंडर, लावू का विचारलं, तर नको म्हणाले. बायकोला उठवून वर बोलावलं. दोघंही हात दिसतील असे बसलो.

दोघेजण चढले. शस्त्रांबद्दल पुन्हा विचारलं आणि खाली चटकन एक नजर टाकून आले. कागद आणायला मी विचारूनच खाली गेलो. न सांगता खाली धावणारा माणूस त्यांना काळजीत पाडतो. नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र, पासपोर्ट, विमा, रेडिओचा परवाना, सगळं एकाच जलरोधक फाइलमध्ये होतं. परवान्यावरचा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे रेडिओवरची बोटीची ओळख, त्यांनी रेडिओच्या सेटवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहिला. लाइफ जॅकेट, अग्निशामक, संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह झटपट झालं. संकटात इशाऱ्यासाठी पेटवायच्या दोन फ्लेअरची मुदत संपली होती, ती नोंद झाली.

मग त्यातला वयस्कर अधिकारी म्हणाला, "रात्री आम्ही तुमच्या पुढून गेलो, तेव्हा डोलकाठीवरचा पांढरा दिवा लावलेला होता. आता शंकू कुठे आहे?"

मी गप्प झालो. शीड वर असताना इंजिन चालू असेल, तर दिवसा पुढच्या बाजूला टोक खाली करून काळा शंकू टांगायचा असतो. टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला हा २५ वा नियम. लांबून शीड दिसलं की मोटारबोटवाला समजतो, वाट आपण द्यायची आहे. पण इंजिनावर चालणारी बोट नियमाने यांत्रिक बोटच ठरते, आणि ते इतरांना कळायला तो शंकूच लागतो. रात्री हेच सांगणारा तो पांढरा दिवा उजाडल्यावर मी बंद केला होता. शंकू मात्र कपाटात तसाच. दंड झाला नाही, पण फ्लेअरपेक्षा ही चूक मला जास्त लागली. फ्लेअर आमच्या जिवासाठी असतात, शंकू समोरच्यालाही वाचवतो.

ते उतरायच्या आधीच बायकोने शंकू वर चढवला होता.

त्यांनी दिलेली तपासणीची प्रत मी फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली. पुढे आठवडाभराने दुसऱ्या गस्ती नौकेने हटकलं. रेडिओवरच मी त्या प्रतीवरची तारीख वाचून दाखवली. "शंकू दिसतोय," पलीकडून उत्तर आलं, "पुढे जा."