तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फावरचं करिअर म्हणजे नेमकं काय?

मी आइस हॉकी मन लावून पाहते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. ‘हा खेळ पोटापाण्यासाठी खेळणारे लोक नेमकं काय करतात? किती वर्षं चालतं ते, आणि मग पुढे काय?’ विचारणाऱ्यानं वेन ग्रेट्स्की या विक्रमवीराचं नाव ऐकलेलं असतं, मारामाऱ्यांचे व्हिडिओ पाहिलेले असतात आणि करारांचे डोळे दिपवणारे आकडे कुठेतरी वाचलेले असतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांवरून या पेशाची कल्पना येत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझ्या उत्तराची सुरुवात एका बाप-लेकापासून होते. रे बोर्क हा बचावपटू एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये, १,६१२ सामने खेळला. बहुतेक सगळी कारकीर्द बॉस्टनकडून. सगळे मानसन्मान मिळाले, लीगच्या विजेत्या संघाला मिळणारा स्टॅन्ली कप तेवढा हाती लागेना. शेवटी मार्च २००० मध्ये तो कोलोराडो संघात गेला आणि जून २००१ मध्ये, आयुष्यातल्या शेवटच्या सामन्यात, त्यानं कप जिंकला. कप आधी कर्णधारानं उंचवायचा अशी रीत आहे. कर्णधार जो सॅकिकनं तो हातात घेतला आणि तसाच बोर्ककडे दिला. हा प्रसंग हॉकी पाहणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो.

त्याच्या मुलाबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं. क्रिस बोर्क एनएचएलमध्ये ५१ सामने खेळला. एनएचएलच्या खालची पायरी म्हणजे एएचएल. गोल केला किंवा गोलसाठी पास दिला की खेळाडूच्या नावावर एक गुण लागतो. तसे सातशेहून जास्त गुण क्रिसनं एएचएलमध्ये मिळवले. २०१५-१६ च्या मोसमात तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. युरोपात जाऊन खेळला, २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या संघात होता. त्याला अपयशी म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. पंधरा-सोळा वर्षं ज्याला कुणी ना कुणी खेळण्याचे पैसे देत राहिलं, तो या धंद्यातला पक्का कारागीर आहे. आणि ‘आइस हॉकीचं करिअर कसं असतं’ या प्रश्नाचं खरं उत्तर बापापेक्षा मुलाच्या कारकिर्दीत जास्त सापडतं. कारण या पेशात खेळाडूच्या स्वतःच्या हातात फार थोडं असतं. त्या थोडक्यावरच त्याला सगळं उभं करावं लागतं.

सुरुवातच बघा. कॅनडातला चांगला खेळणारा मुलगा सोळाव्या वर्षी घर सोडतो. तिथे ज्युनियर हॉकीच्या तीन मोठ्या लीग आहेत. ज्या संघानं निवडलं त्या गावी जायचं, अनोळखी कुटुंबात राहायचं, तिथल्याच शाळेत नाव घालायचं आणि थंडीभर बसनं लांबलांबच्या गावी सामन्यांना जायचं. आपल्याकडे दहावीच्या मुलाला एकट्यानं परगावी पाठवायचं म्हटलं तर घर जागं राहील. अठराव्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीनं नव्या मुलांची निवड करतात. सात फेऱ्या, ३२ संघ, म्हणजे साधारण सव्वादोनशे नावं. ज्यानं निवडलं त्या संघाचा हक्क. मुलाला कुठे जायचंय हे कुणी विचारत नाही.

आणि निवडणाऱ्यांचे अंदाज तरी कुठे बरोबर येतात! १९९३ मध्ये सगळ्यात पहिला निवडला गेलेला अलेक्झांडर डेग अपेक्षांच्या जवळपासही पोचला नाही. १९८४ मध्ये १७१ व्या क्रमांकावर निवडलेल्या लुक रोबिटायनं ६६८ गोल केले. मार्टिन सेंट लुईला तर कुणी निवडलंच नाही. उंची कमी, एवढंच कारण. पहिल्या संघानं त्याला सोडून दिलं, नंतर २००४ मध्ये तो लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला आणि त्याच वर्षी टॅम्पा बेकडून कपही जिंकला. अठरा वर्षांच्या पोराकडे पाहून त्याचं पंचविसावं वर्ष कुणालाच दिसत नाही, पण सगळी व्यवस्था ते दिसतं असं धरूनच चालते.

निवड झाली म्हणजे नोकरी लागली असंही नाही. बहुतेकांची रवानगी आधी एएचएलमध्ये होते. नवख्यांच्या करारात दोन पगार लिहिलेले असतात. वरच्या संघात असेल त्या दिवसांचा एक, खालच्या संघात असेल त्या दिवसांचा दुसरा, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. २०२५-२६ च्या मोसमात एनएचएलमधला किमान पगार वर्षाला ७ लाख ७५ हजार अमेरिकन डॉलर आहे. खाली त्याच्या छोट्या हिश्शावर राहावं लागतं. वर कुणाला दुखापत झाली की फोन येतो, बॅग भरायची, विमान पकडायचं. दुखापत बरी झाली की परत. काही खेळाडूंचा एकेक मोसम या ये-जा करण्यातच सरतो. घर भाड्यानं घ्यावं की हॉटेलातच राहावं, मुलांना शाळेत कुठे घालावं, हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी गुडघ्यावर अवलंबून.

थोडा अनुभव झालेल्या खेळाडूला खाली पाठवायचं असेल तर आधी ‘वेव्हर्स’वर टाकावं लागतं. म्हणजे उरलेल्या ३१ संघांना चोवीस तास दिले जातात: कुणाला हवा आहे का? हवा असेल तर तो उद्यापासून तुमचा. कुणालाच नको असेल तर खालच्या लीगमध्ये. या पेशातलं सगळ्यात कठीण काम कोणतं असं मला विचाराल तर मी बर्फावरचं एकही सांगणार नाही. या चोवीस तासांत फोनकडे बघत बसणं सगळ्यात कठीण असणार. त्यात नाव जगजाहीर झालेलं असतं. घरच्यांनी वाचलेलं असतं, जुन्या सोबत्यांनी वाचलेलं असतं.

मग खेळाडूच्या हातात उरतं काय? साधारण पंचेचाळीस सेकंद.

हे जरा नीट सांगते, कारण टीव्हीवर पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. बर्फावर एका वेळी एका बाजूचे सहा जण असतात: एक गोली म्हणजे गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन फॉरवर्ड म्हणजे चढाई करणारे. सामन्यासाठी तयार मात्र वीस जण असतात. बहुधा फॉरवर्डच्या तिघातिघांच्या चार लाइन, बचावपटूंच्या तीन जोड्या आणि दोन गोली. पूर्ण जोर लावून स्केटिंग केलं की पाऊण मिनिटात पाय भरून येतात, म्हणून खेळ चालू असतानाच माणसं बदलत राहतात. पुढच्या वेळी सामना पाहाल तेव्हा पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, सोडा आणि फक्त बेंच पाहा. परत येणारा कठड्याच्या जवळ आला की त्याच्या जागेचा खेळाडू उडी मारून आत. वेळ जरा चुकली तर बर्फावर एक माणूस जास्त होतो आणि दोन मिनिटांची शिक्षा लागते. बेंचवर परतलेला मान खाली घालून श्वास घेतो, पाण्याची बाटली तोंडावर धरतो, शेजारच्याशी दोन शब्द बोलतो, आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा त्याची पाळी.

पहिल्या लाइनचे तारे रात्रीत वीस मिनिटं बर्फावर असतात. चौथ्या लाइनच्या माणसाला जेमतेम आठ-दहा मिनिटं मिळतात. त्या आठ-दहा मिनिटांत त्यानं गोल करावा अशी कुणाची फारशी अपेक्षा नसते. प्रतिस्पर्ध्याच्या ताऱ्यांना दमवायचं, कडेला पकसाठी झोंबायचं, संघातल्या कुणाला शिक्षा झाली की एक माणूस कमी असताना किल्ला लढवायचा, आणि समोरून ताशी दीडशे किलोमीटरनं येणाऱ्या कडक रबराच्या पकपुढे स्वतःला झोकून द्यायचं. दुसऱ्या दिवशी गुणांच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे शून्य. पण प्रशिक्षकाला माहीत असतं, आणि ‘याला सोडून चालणार नाही’ असं प्रशिक्षकाला वाटणं हीच त्याची शिदोरी. मी सामना बघते तो या माणसांसाठी.

पैशाचंही सांगायला हवं, कारण आजचे पगार आकाशातून पडलेले नाहीत. १९४२ ते १९६७ या काळात लीगमध्ये फक्त सहा संघ होते. सगळ्या जगात मिळून सव्वाशेच्या आतबाहेर जागा. मालक म्हणतील तो पगार, नाहीतर बाहेर रांग लागलेलीच असे. उन्हाळ्यात खेळाडू दुसरी कामं करून घर चालवत. १९५७ मध्ये डेट्रॉइटच्या टेड लिंडसेनं खेळाडूंची संघटना उभी करायचा प्रयत्न केला. त्या मोसमात त्यानं ८५ गुण मिळवले होते, कारकिर्दीतले सगळ्यात जास्त. तरी त्याची रवानगी शिकागोला झाली, तेव्हाच्या दुबळ्या संघात. संघटना मोडली. पुन्हा उभी राहायला दहा वर्षं लागली.

आणि उभी राहिली तीही चुकीच्या हातात. तिचा पहिला प्रमुख ॲलन ईगलसन हा वकील बॉबी ऑरचा एजंटही होता. ऑर म्हणजे बचावपटूनं कसं खेळावं याची व्याख्याच बदलून टाकणारा माणूस. त्याचे गुडघे मात्र विशीतच गेले. १९७६ मध्ये बॉस्टननं त्याला क्लबच्या मालकीत १८.५ टक्के वाटा देऊ केला होता. ईगलसननं ते त्याच्यापर्यंत पोचूच दिलं नाही. ऑर शिकागोला गेला, तिथे २६ सामने कसेबसे खेळला आणि तिसाव्या वर्षी थांबला. तेव्हा त्याच्याजवळ पैसे उरले नव्हते. ईगलसननं १९९८ मध्ये फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि तुरुंगात गेला. इतक्या मोठ्या खेळाडूची ही गत, तर चौथ्या लाइनवाल्याचं कोण ऐकत असेल! आजच्या पोरांना किमान पगार मिळतो, पेन्शन मिळते, त्यामागे लिंडसेसारख्यांनी स्वतःच्या जागेवर सोडलेलं पाणी आहे. उत्कृष्ट खेळाडूसाठी खेळाडूंनीच मतदान करून द्यायच्या पुरस्काराला २०१० पासून लिंडसेचं नाव आहे, ते योग्यच झालं.

आता मारामाऱ्यांविषयी. मला त्या कधीच करमणूक वाटल्या नाहीत. डेरेक बुगार्डचं काम तेच होतं. २७७ सामन्यांत तीन गोल. संघानं त्याला ठेवलं होतं ते मुठींसाठी. हाताची, पाठीची, डोक्याची दुखणी, त्यावर गोळ्या, मग गोळ्यांचं व्यसन. मे २०११ मध्ये वेदनाशामक गोळ्या आणि दारू एकत्र झाल्यानं तो गेला. वय २८. त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा वारंवार मार बसल्यानं होणारा सीटीई हा आजार आढळला. आता निव्वळ मारामारीसाठी ठेवलेला खेळाडू जवळपास दिसेनासा झालाय. मला त्याचा आनंद आहे. जुना रांगडा खेळ गेला म्हणून हळहळणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

बायकांच्या वाट्याला तर करिअर हा शब्दही परवापर्यंत नव्हता. कॅनडातली २००७ ची महिला लीग सुरुवातीची दहा वर्षं खेळाडूंना पगारच देत नव्हती, आणि २०१९ मध्ये ती बंदही पडली. ऑलिम्पिक पदक जिंकणाऱ्या बायका दिवसा नोकरी करून रात्री सरावाला जात. जानेवारी २०२४ मध्ये पीडब्ल्यूएचएल ही बायकांची व्यावसायिक लीग सुरू झाली, सहा संघांची. पहिल्या मोसमातला किमान पगार ३५ हजार डॉलर होता. पुरुषांच्या आकड्याशेजारी तो चिमुकला दिसतो, पण हॉकी खेळणं हेच ज्यांचं काम आहे अशा बायकांची एक पिढी त्यातून तयार होतेय.

राहिला शेवटचा प्रश्न: पुढे काय? चाळिशीच्या पलीकडे खेळणारे अपवाद. गॉर्डी हाव ५२ व्या वर्षापर्यंत एनएचएलमध्ये होता, यारोमिर यागर पन्नाशी उलटल्यावरही चेक लीगमध्ये क्लाद्नोकडून उतरत राहिला. बाकीच्यांचं तिशीच्या आसपास आवरतं, कित्येकांचं त्याच्याही आधी. काही प्रशिक्षक होतात. सेंट लुई २०२२ पासून मॉन्ट्रियलचा प्रशिक्षक आहे. काही स्वीडन, जर्मनी, स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये आणखी काही वर्षं काढतात. केन ड्रायडनसारखा एखादाच. मॉन्ट्रियलचा हा गोली खेळता खेळता कायदा शिकला, कराराचं बिनसलं तेव्हा १९७३-७४ चा अख्खा मोसम खेळ सोडून वकिलाच्या कचेरीत उमेदवारी केली, सहा कप जिंकून ३१ व्या वर्षी निवृत्त झाला आणि पुढे कॅनडाचा मंत्री झाला. सोळाव्या वर्षापासून ज्याला फक्त बर्फच माहीत आहे, त्याला हे कुठून जमणार?

म्हणूनच अलीकडचा एक बदल मला कुठल्याही विक्रमापेक्षा महत्त्वाचा वाटतो. कॅनडाच्या मोठ्या ज्युनियर लीगमध्ये एकदा पाऊल टाकलं की अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या वरच्या गटातल्या हॉकीचं दार बंद व्हायचं. सोळाव्या वर्षीच ठरवावं लागे: हे की ते. ऑगस्ट २०२५ पासून ते दार उघडलंय. ज्युनियर हॉकी खेळून झालेला, ड्राफ्टमध्ये नाव न आलेला वीस वर्षांचा मुलगा आता विद्यापीठात जाऊन आणखी काही वर्षं खेळू शकतो, आणि बाहेर पडताना त्याच्या हातात पदवी असू शकते.