ऑक्सिटोसिनची दुसरी वाट

मिरजेत नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवताना ऑक्सिटोसिन या हार्मोनचं नाव काढलं, की वर्गातून एकच उत्तर येतं: बाळंतपणात सलाइनमधून देतात ते. बरोबरच आहे. हे हार्मोन रक्तात सुटतं ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीतून, आणि या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवलं. तेव्हापासूनची ही ओळख.

पण मुलींनी दुसरी वाटही पाहावी, असं मला मनापासून वाटतं. परीक्षेत विचारत नाहीत, तरी मी फळ्यावर आकृती काढतेच. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात ऑक्सिटोसिन बनवणाऱ्या काही पेशींचे तंतू पिच्युटरीकडे न वळता थेट मेरुरज्जूत उतरतात. तिथे छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागात, करड्या द्रव्याच्या कडेला सिंपथेटिक पेशींची, म्हणजे आपल्या नकळत चालणाऱ्या आणि शरीराला ताणाच्या वेळी सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेतल्या पेशींची, उभी रांग असते. हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंड, घामाच्या ग्रंथी यांच्याकडे निघणारे सिंपथेटिक आदेश मेरुरज्जूतून बाहेर पडतात ते इथूनच. एरवी रक्तातून अंगभर फिरणारं हार्मोन इथे तंतूच्या टोकाशी, नेमक्या पेशीजवळ सुटतं. किती नेटकी रचना!

ऑक्सिटोसिनचं भावंड व्हेसोप्रेसिनही याच वाटेने येतं. दोन्ही नऊ अमिनो आम्लांचे, फरक फक्त दोन जागी. व्हेसोप्रेसिनने त्या रांगेतल्या पेशी उत्तेजित होतात. उंदरांच्या मेरुरज्जूभोवती ते सोडलं तर रक्तदाब चढतो. शिरेतून दिलेलं ऑक्सिटोसिन मात्र रक्त आणि मेंदूमधला अडसर फारसं ओलांडत नाही. मेरुरज्जूतलं काम चालतं ते शरीराने स्वतः तिथवर पोचवलेल्या हार्मोनवर, आणि मागच्या शिंगात, म्हणजे करड्या द्रव्याच्या पाठीकडच्या भागात, तर ऑक्सिटोसिन वेदनेचे संदेशही मंदावतं.