डोंगराची माती कशाने धरून राहते

सातारा जिल्ह्यातल्या पाटणकडचे उभे डोंगरउतार उन्हाळ्यात इतके निश्चल का दिसतात, याचे उत्तर मातीतल्या थोड्याशा ओलाव्यात आहे, हे मला फार उशिरा उमगले. अंशतः ओल्या मातीच्या फटींत हवा आणि पाणी दोन्ही असतात. पृष्ठताणामुळे त्या पाण्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा कमी राहतो आणि ही ओढ कणांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवते. (ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो यामुळेच.) पाऊस मुरत गेला की फटी भरतात, ओढ घटते आणि मातीचे बळ कमी होते, त्यामुळे भूजलाची पातळी खोल असतानाही वरचा थर घसरू शकतो. खालच्या काळ्या पाषाणावर पाणी अडून साचले, तर धोका आणखी वाढतो.

जुलै २०२१ मध्ये याच पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव व ढोकावळे या गावांत दरडी कोसळल्या, त्याच सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. केवळ त्या एका दिवसाचा आकडा पाहणे मला अपुरे वाटते. आधीच्या आठवड्यांत माती किती भिजली होती, हेही उतारावरच मोजले गेले पाहिजे, कारण भिजलेल्या मातीतून पाणी अधिक वेगाने खाली उतरते.