सिडर रॅपिड्समध्ये सोलापुरी चादर

शिकागोचे दोन दिवस मुलाखती घेण्यात गेले. तिथून आयोवात, सिडर रॅपिड्सला पोचले तेव्हा आठवडाभराचे मळके कपडे साचले होते आणि मोटेलात धुण्याची सोय नव्हती. पिशवी उचलून लाँड्रोमॅट गाठलं, म्हणजे नाणी टाकून यंत्रात आपले कपडे आपणच धुण्याचं दुकान.

बाहेर मस्त ऊन. आपल्याकडे अशा उन्हात गोधड्यासुद्धा तासाभरात वाळतील. इथे दोरी कुठे दिसत नाही. सगळे आत बसून ड्रायरच्या काचेकडे बघताहेत. मला त्या वाया जाणाऱ्या उन्हाचं फार वाईट वाटलं.

धुलाईला तीन डॉलर, तेही फक्त क्वार्टरमध्ये, म्हणजे पंचवीस सेंटची बारा नाणी. माझ्याकडे वीसची नोट आणि सुटे देणारं यंत्र बंद. मी हताश उभी. शेजारी सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून औषधाची रिकामी नारिंगी बाटली काढली. ती क्वार्टरनी गच्च भरलेली! बारा मोजून त्यांनी माझ्या हातावर ठेवले. नोट पुढे केली तर हात मागे घेतला.

त्यातलं एक नाणं त्यांनी उलटं करून दाखवलं. छोटी शाळा, बाई आणि झाड लावणारी मुलं. खाली २००४. "हे आमचं आयोवा," त्या म्हणाल्या. प्रत्येक राज्याचं असं क्वार्टर निघालं होतं. आयोवाच्या नाण्यावरचं चित्र ग्रँट वूडचं. हा चित्रकार याच गावात राहिलेला.

शाळा मग सगळ्यांनाच परवडायची का, असं मी विचारलं आणि त्या बोलत सुटल्या. शेतावरचं बालपण, विकलेली जमीन, मुलाचं दूर जाणं. दोन दिवस वही उघडून प्रश्न विचारत होते तेव्हा कुणी इतकं मोकळं बोललं नव्हतं. इथे वही पिशवीतच राहिली, आणि मला ती काढावीशीही वाटली नाही.

माझी सोलापुरी चादर दुसऱ्या फेरीनंतरही कडांना दमट होती. "आई दोरीवर वाळवायची," त्या म्हणाल्या. "आता आमच्या वसाहतीत बाहेर कपडे वाळत घालायला मनाई आहे." मग न सांगता उठून त्यांनी चादरीची दोन टोकं धरली. दोन मी धरली. ताणली, झटकली, टोकाला टोक जुळवत पुढे आलो. आई आणि मी गच्चीवर घालतो, तश्शीच घडी.

घडी माझ्या हातात देताना त्यांनी काठावरून एकदा हात फिरवला. "जाड आहे. थंडीत उपयोगी पडेल," म्हणाल्या.