गिटार क्रमांक दोन: एक्स-ब्रेस अखेर चिकटला

आज पहाटे हायग्रोमीटरवर ४६ टक्के आर्द्रता दिसली आणि ऑगस्टपासून थांबवलेलं काम पुन्हा हातात घेतलं. दुपारपर्यंत टॉपला, म्हणजे गिटारच्या वरच्या पातळ फळीला, आतून एक्स-ब्रेस (फुलीसारख्या लावलेल्या आधाराच्या दोन पट्ट्या) चिकटला. खूप बरं वाटतंय.

इतकं थांबण्याचं कारण माझी पहिली गिटार. तिचा टॉप मी जुलैत जोडला होता, बाहेर झड लागलेली असताना. पुढच्या एप्रिलमध्ये भुसावळचा पारा ४४ वर गेला आणि एका रात्री खोलीतून 'टक्' असा आवाज आला. ब्रिजपासून (टॉपवर तारा अडकवतात त्या पट्टीपासून) गिटारच्या खालच्या टोकाकडे, लाकडाच्या रेषेच्या दिशेने सरळ चीर गेली होती. टॉपसाठी वापरलेलं स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र भरपूर आकसतं. आर्द्रता ६५ टक्क्यांवरून २० वर आली, तर ४०० मिलिमीटर रुंदीचा टॉप चार मिलिमीटरच्या वर आकसू पाहतो. पण आडवे-तिरपे चिकटलेले ब्रेस त्याला आकसू देत नाहीत, मग लाकूड फाटतं. आमच्याकडे पावसाळा आणि उन्हाळा यांत हवेचा एवढा फरक पडतोच. म्हणून दिवाळीच्या आसपासची हवा गाठायची असं ठरवलं होतं.

मे महिन्यात खोली बंद करून कूलर लावून पाहिला होता. वाळ्याच्या जाळ्या ओल्या झाल्या की दहा मिनिटांत काटा ६० वर जातो, कूलर बंद केला की तासाभरात पुन्हा खाली. ब्रेस चिकटवायला असली हवा नको. तयार गिटार उन्हाळ्यात जपायला मात्र कूलरची खोली चांगली.

आता आजच्या कामाबद्दल. टॉप सिटका स्प्रूसचा, २.८ मिलिमीटरपर्यंत रंधून घेतलेला. ब्रेसही स्प्रूसचेच, ८ मिलिमीटर रुंद, फुलीपाशी १६ मिलिमीटर उंच. दोन्ही ब्रेस निम्मे-निम्मे कापून एकमेकांत बसवले. हा सांधा मी तीनदा केला. पहिल्या दोन वेळा पटाशी खोल गेली आणि फट राहिली. तारांचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो आणि ब्रिज या फुलीच्या जवळच बसतो, त्यामुळे इथे फट चालवून घेणं मला पटलं नाही.

दाब द्यायला शिकंजे वापरले नाहीत. वर-खाली दोन प्लायवुडचे तक्ते आणि मधे वाकवून अडकवलेल्या बांबूच्या कामट्या. तक्त्यांमधलं अंतर ५६ सेंटिमीटर, कामट्या ६० सेंटिमीटरच्या. टोपल्या विणणाऱ्या एका मावशींनी त्या तासून दिल्या, सगळ्या सारख्या जाडीच्या. परदेशात यासाठी फायबरच्या काड्या विकत मिळतात, पण कामटीचा दाब इतका एकसारखा येतो की मला त्यांची गरज वाटली नाही. टॉपखाली २८ फूट त्रिज्येच्या गोलाइतका हलका बाक असलेली खोलगट थाळी आहे, तिच्यामुळे टॉपला किंचित फुगवटा येतो. चिकटवायला सरस वापरला, ६० अंशांवर गरम ठेवलेला. सरस पटकन गोठतो म्हणून लोक घाबरतात. मी ब्रेस आधी उन्हात कोमट करून घेतले, त्यामुळे हात चालवायला पुरेसा वेळ मिळाला.

नेकचं (तारांखालच्या लांब दांड्याचं) लाकूड हा या गिटारमधला माझा सर्वांत आवडता भाग. यावल तालुक्यात मामांचं धाब्याचं घर पाडलं, त्यातल्या सागाच्या तुळईचा तुकडा मागून आणला. महोगनीपेक्षा जड आहे, पण इतकी वर्षं मुरलेला की रंधल्यावर जराही वाकला नाही. सागात तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी ताजा रंधा मारून ॲसिटोनने पुसायचं. रंध्याचं पातं मामांच्या गावातल्या सुतारबाबांनी लावून दिलं. परत देताना म्हणाले, "पातं हातावरचे केस कापत नसीन, तं लाकडाले लावू नको." तेव्हापासून दर अर्ध्या तासाला पातं दगडावर घासतो. रंध्यातून स्प्रूसचा पापुद्रा आता कागदासारखा निघतो.

मागची बाजू आणि कडा शिसवीच्या आहेत. कडा गरम पाइपवर वाकवून साच्यात बसवून ठेवल्यात, त्याबद्दल नवीन काही नाही.

कामट्या उद्या सकाळी काढीन. मग ब्रेस पटाशीने थोडे थोडे तासून कमी करायचे आणि दर वेळी टॉप बोटांत धरून टकटक करून ऐकायचा. आत्ता रात्री दहाला काटा ४३ वर आहे.