काळिमाच का, सावली का नाही?

अकरावीच्या मुलांना कवितेचा विषय विचारला की ठरलेलं उत्तर येतं: ‘या कवितेत कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे.’ आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे रसग्रहणाचे तिन्ही मुद्दे त्यांना तोंडपाठ असतात. पण कवितेतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हाच का?’ असं विचारायची सवय त्यांना कुणी लावलेली नसते. जळगाव जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवतो आणि मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त सलते. म्हणून त्या दिवशी जोडतास मिळाला तेव्हा पुस्तकं दप्तरात ठेवायला सांगितली आणि ‘औदुंबर’च्या आठ ओळी फळ्यावर लिहिल्या. शीर्षक नाही, कवीचं नाव नाही.

‘ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन, निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातून’ इथपासून शेवटापर्यंत एका मुलीनं वाचलं. विषय? ‘निसर्ग, सर.’ बरं, म्हटलं, आता वरून खाली नुसते रंग सांगा. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, परत हिरवी, मग काळ्या, शेवटी काळिमा. रंग लिहून होईपर्यंतच कुणीतरी बोललं, ‘सर, अंधारत चाललंय.’ दुसरी म्हणाली, ‘आणि माणूस एकही नाही. चार घरांचं गाव आहे, शेतं आहेत, पण वाटेवर कोणीच नाही. वाटच चालत निघालीय काळ्या डोहाकडे.’

इथून पुढे वर्ग माझ्या हातात राहिला नाही, आणि मला तेच हवं होतं.

सातवी ओळ अशी: ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’. मी ‘काळिमा’ पुसून तिथे ‘सावली’ लिहिलं. मात्रा तेवढ्याच, पाच. चाल कुठे अडखळत नाही. दोन्ही ओळी सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घेतल्या. ‘गोड सावली’ म्हटल्याबरोबर ती उन्हातान्हातून आलेल्या माणसाची ओळ झाली. आमच्याकडच्या मे महिन्यात सावलीला गोड म्हणायला कवी लागत नाही. केळीच्या बागेत काम करणाऱ्या घरातला एक मुलगा म्हणाला, ‘पण सर, काळिमा तर घराण्याला लागतो. तो गोड कसा?’ मी उत्तर दिलं नाही. प्रश्न नेमका होता आणि तो तसाच हवेत राहणं गरजेचं होतं. एका मुलीनं आणखी एक गोष्ट टिपली: ‘झाकळुनी’, ‘जळ’, ‘काळिमा’, एवढ्याशा जागेत तीन ‘ळ’, जीभ जड होते. ‘सावली’ ठेवली की त्यातला एक गळतो आणि ओळ हलकी वाटते. शब्दयोजना हा मुद्दा समजवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नसतं.

मग एकानं कविता ओळखली. ‘ही बालकवींची आहे.’ बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म 1890, गाव धरणगाव, आमच्याच जिल्ह्यातलं. 5 मे 1918 ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले, तेव्हा वय सत्तावीस. जळगाव-भुसावळ मार्गावरचं भादली मुलांना रोजच्या ये-जा करण्यातलं. वर्ग एकदम गप्प झाला, आणि लगेच निकालही लागला: म्हणजे ही मरणाचीच कविता.

हा निकाल मला मान्य नव्हता. कवी कसा गेला ते कळल्यावर प्रत्येक ओळीत मरण दिसायला लागतं, त्यासाठी ओळ वाचावीही लागत नाही. मी सांगितलं, भादली बाजूला ठेवा; फळ्यावर जे आहे त्यातून दाखवा.

तेव्हा मघाचा तो केळीच्या बागेवाला मुलगा उठला. ‘शेवटच्या ओळीत झाड पाय पाण्यात टाकून बसलंय. मरायला आलेला असा निवांत बसत नाही, सर. काम संपल्यावर बसतो तसा बसलाय तो.’ रंग अंधारतात म्हणणारी मुलगी मागे हटेना. ‘झरा वाहतो, वाट चालली, काळिमा पसरतोय. सगळं हलतंय. एकटा तोच बसलाय. सगळं येऊन त्याच्यापाशी थांबतं. मला ते निवांत नाही वाटत.’ दोघांनीही पुरावा कवितेतूनच काढला होता. समीक्षकांमध्येही या आठ ओळींवर बराच वाद झाला आहे. माझ्या वर्गातला वाद त्यापेक्षा कमी खरा नव्हता. कवितेचा सूर एका विशेषणात सांगता येत नाही, ‘उदास’ लिहिलं तर ‘गोड’चं काय करायचं हे सांगावं लागतं, आणि ‘शांत’ लिहिलं तर ‘काळिमा’चं. परीक्षेच्या उत्तरातही मी आता हेच मागतो.

तास संपायला थोडा वेळ होता. राहिला होता ‘बसला असला औदुंबर’मधला ‘असला’. काहींना तो यमकासाठी भरलेला वाटला. मी तो दोन तऱ्हांनी म्हणून दाखवला, एकदा घाईनं आणि एकदा झाडाकडे बोट दाखवावं तसा. माझ्या मते तिथे पहिल्यांदा कळतं की हे सगळं कुणीतरी बघतंय. इतका वेळ माणूस नव्हता, आता बघणारा आहे.

‘मग तो उभा कुठे आहे?’ मागून प्रश्न आला. मुलं पुन्हा पहिल्या ओळींकडे वळली. गाव ‘पैल टेकडीकडे’ आहे, म्हणजे बघणारा ऐलतीरावर. घरं तिकडे, वाट डोहाकडे, आणि हा इकडे एकटा. ‘म्हणजे सर, त्याला घरी जायचं तर ओलांडावं लागणार,’ ती मुलगी म्हणाली. केळीवाला मुलगा लगेच, ‘त्याला घरी जायचंय असं कुठे लिहिलंय?’ भौतिकशास्त्राचे सर दारात येऊन उभे राहिले तरी दोघांचं चालूच होतं.